विश्लेषण : व्हेनिसमधील ‘बाकारो’ म्हणजे काय? त्यांचे भवितव्य शहराच्या रहिवाशांवर का अवलंबून आहे?

युरोप सहलीच्या बहुतेक कार्यक्रमांत व्हेनिसच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो. ट्रोंकेत्तोच्या धक्क्यावरून बोट, सान मार्को चौक, काचकामाचे प्रात्यक्षिक, गोंडोलाची फेरी, आधीच ठरवलेले जेवण आणि पुन्हा बस. यात एक गोष्ट हमखास राहून जाते. ती म्हणजे तिथले लोक रोज जिथे उभ्याने दोन घास खातात, पेलाभर वाइन घेतात आणि गप्पा मारून घरी जातात, ती छोटी दुकाने. त्यांना ‘बाकारो’ म्हणतात. खिशाला परवडणारे आणि शहराची खरी चव देणारे हे ठिकाण आहे. मात्र, ज्या रहिवाशांमुळे ते उभे राहिले, तेच आता झपाट्याने कमी होत आहेत.

बाकारो म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे ‘वाइन शॉप’ म्हटले की जाळीमागून बाटल्या विकणारे दुकान आठवते, आणि ‘बार’ म्हटले की मंद दिव्यांची परमिट रूम. बाकारो या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. अरुंद गल्लीतली एक-दोन खोल्यांची जागा, लांब काउंटर, त्यावर काचेचे कपाट आणि कपाटात छोट्या छोट्या खाद्यपदार्थांची ताटे. या पदार्थांना ‘चिकेत्ती’ म्हणतात. बसायला जागा कमी असते, काही ठिकाणी अजिबात नसते. भाजीची पिशवी घेतलेल्या आजी, कामावरून सुटलेले नावाडी, विद्यापीठातली मुले असे सगळे एकाच काउंटरला टेकून उभे राहतात. आपल्याकडच्या इराण्याच्या हॉटेलात जसा चहाच्या निमित्ताने सारा मोहल्ला भेटत असे, तसेच काहीसे.

एकाच दुकानात पोट भरणे ही इथली पद्धत नाही. एका ठिकाणी एक पेला आणि एक-दोन चिकेत्ती, मग पुढच्या गल्लीत दुसरे दुकान. या फेरीला स्थानिक बोलीत ‘जिरो दोंब्रा’ म्हणतात. तीन-चार दुकाने झाली की जेवण होऊन जाते.

पेल्याला ‘सावली’ का म्हणतात?

वाइनच्या छोट्या पेल्याला व्हेनिसमध्ये ‘ओंब्रा’ म्हणतात. ओंब्रा म्हणजे सावली. सान मार्को चौकातील उंच घंटाघराच्या पायथ्याशी पूर्वी वाइन विकणारे बसत. ऊन लागून वाइन खराब होऊ नये म्हणून मनोऱ्याची सावली सरकेल तशी ते आपली गाडी सरकवत. त्यामुळे ‘सावलीत जाऊ या’ म्हणजे ‘पेलाभर घेऊ या’ असा अर्थ रूढ झाला, अशी आख्यायिका आहे. पांढरी वाइन हवी असेल तर ‘ओंब्रा दे ब्यांको’ आणि लाल हवी असेल तर ‘ओंब्रा दे रोस्सो’ एवढे सांगितले तरी पुरते.

‘बाकारो’ या शब्दाच्या उगमाविषयीही एकमत नाही. कोणी तो बाकस या मद्यदेवतेशी जोडतात, तर कोणी मौजमजा या अर्थाच्या जुन्या बोलीतील शब्दाशी. नारिंगी रंगाच्या ‘स्प्रित्झ’ची कथा त्या मानाने सरळ आहे. १८६६ पर्यंत व्हेनिसवर ऑस्ट्रियाचा अंमल होता. त्या काळात इथली वाइन जड वाटे म्हणून तिच्यात पाणी मिसळण्याची पद्धत पडली. ‘स्प्रित्झेन’ म्हणजे जर्मन भाषेत शिंपडणे. पुढे तिच्यात कडवट अर्क आले. शेजारच्या पादुआत १९१९ मध्ये ‘आपेरोल’ बाजारात आले, तर खुद्द व्हेनिसमध्ये १९२० मध्ये ‘सिलेक्ट’. जुन्या बाकारोत स्प्रित्झ मागितल्यास ‘सिलेक्टची की आपेरोलची’ असा प्रश्न येऊ शकतो.

काचेच्या कपाटात काय काय असते?

सर्वांत प्रसिद्ध पदार्थ ‘बाकाला मांतेकातो’. वाळवलेला कॉड मासा भिजवून, उकडून, तेल घालत घालत लोण्यासारखा होईपर्यंत घोटतात आणि पावाच्या किंवा मक्याच्या ‘पोलेंता’च्या तुकड्यावर लावतात. समुद्रात वसलेल्या शहराला वाळलेली मासळी कशाला लागली? त्यामागे एका जहाजफुटीची गोष्ट आहे. पिएत्रो क्वेरिनी हा व्हेनिसचा व्यापारी १४३१ मध्ये क्रीटहून वाइन घेऊन फ्लँडर्सकडे निघाला. वादळात जहाज गेले आणि उरलेली माणसे १४३२ च्या सुरुवातीला नॉर्वेच्या लोफोतेन बेटांवर पोहोचली. तिथले कोळी मासे मीठ न लावता थंड वाऱ्यावर वाळवत होते. आपल्या किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत घालतात, तसेच. क्वेरिनीने परतल्यावर या माशाची माहिती दिली आणि कालांतराने तो व्हेनिसच्या स्वयंपाकघरात कायमचा आला.

दुसरा पदार्थ ‘सार्दे इन साओर’. तळलेल्या तारल्यांसारख्या माशांवर व्हिनेगरमध्ये शिजवलेला भरपूर कांदा, बेदाणे आणि चिलगोज्यांसारख्या बिया घालून ते मुरवतात. लांबच्या सफरीत मासळी टिकावी म्हणून खलाशांनी काढलेली ही युक्ती. आंबटगोड आणि मुरलेली ही चव गोव्या-कोकणातल्या माणसाला परकी वाटणार नाही. याखेरीज मांसाचे तळलेले गोळे म्हणजे ‘पोल्पेत्ते’, उकडलेले छोटे ऑक्टोपस, अंड्याच्या फोडी आणि वसंतात व शरदात मिळणारे मऊ कवचाचे खेकडे असतात.

शाकाहारी प्रवाशांना काय मिळते?

पर्याय कमी असले तरी उपाशी राहावे लागत नाही. आर्टिचोक या भाजीचे उकडलेले गड्डे, ऑलिव्ह, चीज आणि अक्रोड लावलेला पाव, भोपळ्याची किंवा मशरूमची पेस्ट, भाजलेल्या भाज्या बहुतेक ठिकाणी असतात. मात्र, दिसण्यावर जाऊ नये. चीज भरून तळलेल्या पावात अनेकदा ‘अच्चुगे’ म्हणजे खारवलेले छोटे मासे असतात. पोल्पेत्ते बहुधा गोमांसाचे किंवा डुकराच्या मांसाचे असतात. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे’ म्हणजे ‘मांस नको, मासे नकोत’ हे चार शब्द पाठ असलेले बरे. मद्य न घेणाऱ्यांचीही अडचण होत नाही. ‘आनाल्कोलिको’ म्हटले की मद्यविरहित कडवट-गोड पेय मिळते.

कुठे आणि कधी जावे?

रिआल्टो पुलाच्या बाजाराकडील बाजूला ‘कांतिना दो मोरी’ आहे. ती १४६२ पासून सुरू असल्याचे सांगितले जाते. छताला टांगलेली तांब्याची भांडी आणि ‘फ्रांकोबोल्ली’ म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढे सँडविच ही तिची खूण. तिथे बसायची सोय नाही. जवळच ‘आल्लार्को’ आहे. ही दुकाने बाजाराच्या वेळेशी बांधलेली असल्याने तिथे सकाळी उशिरा किंवा दुपारी जाणे चांगले. मासळी बाजार रविवारी व सोमवारी बंद असतो, हे लक्षात ठेवावे.

दोर्सोदुरो भागात कालव्याच्या काठी ‘कांतिने देल व्हिनो जा स्क्यावी’ आहे. पावाच्या तुकड्यांवरील नाना प्रकारच्या चिकेत्तींसाठी ते ओळखले जाते. समोरच गोंडोला दुरुस्त करण्याचा जुना कारखाना दिसतो. कान्नारेज्यो भागात ‘आल्ला व्हेदोव्हा’चे पोल्पेत्ते प्रसिद्ध आहेत. त्याच भागात मिझेरिकोर्दिया आणि ओर्मेझिनी या कालव्यांच्या काठी संध्याकाळी सहानंतर गर्दी जमते. सान मार्को चौकापासून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर हे सगळे आहे, पण दिवसभरासाठी आलेल्या गटांपैकी फार थोडे इथवर येतात.

बिल कसे ठरते?

एक चिकेत्तो साधारण दोन ते तीन युरोंना आणि ओंब्राही जवळपास तेवढ्यालाच मिळते. स्प्रित्झ थोडे महाग. म्हणजे दोन पेले आणि चार-पाच चिकेत्तींत पंधरा-वीस युरोंत पोट भरते. इटलीत उभ्याने खाण्याचा आणि टेबलावर बसून खाण्याचा दर अनेक ठिकाणी वेगळा असतो. बसल्यास ‘कोपेर्तो’ हा माणशी आकारही लागू शकतो. सान मार्को चौकातील १७२० पासूनच्या ‘फ्लोरियान’ कॅफेत तर वाद्यवृंद वाजत असताना टेबलावर बसल्यास संगीताचे पैसे वेगळे लागतात. त्यामुळे बसण्यापूर्वी दरपत्रक पाहावे. खाणे घेऊन पुलाच्या पायऱ्यांवर किंवा चौकात जमिनीवर बसू नये. त्यासाठी दंड होतो.

मग चिंता कशाची?

जुन्या व्हेनिसमध्ये १९५१ मध्ये सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. ऑगस्ट २०२२ मध्ये हा आकडा ५० हजारांच्या खाली गेला. रिआल्टो पुलाजवळच्या सान बार्तोलोमेओ चौकातील एका औषधाच्या दुकानाने २००८ पासून खिडकीत एक आकडे दाखवणारी पाटी लावली आहे. ती शहरात उरलेल्या रहिवाशांची संख्या दाखवते. २०२३ मध्ये तर नागरिकांच्या गटांनी केलेल्या मोजणीत पर्यटकांसाठीच्या खाटा रहिवाशांपेक्षा जास्त भरल्या.

याचे कारण घरांत आहे. घर कुटुंबाला वर्षभरासाठी भाड्याने देण्यापेक्षा पर्यटकांना दिवसाच्या हिशेबाने देणे मालकाला परवडते. घरे महागली, पुराचा त्रास होताच, रोजगारही पर्यटनापुरता उरला. तरुण कुटुंबे खाडीपलीकडे मेस्त्रेला गेली. शाळा, किराणा दुकाने, चांभार, सुतार एकेक करून कमी झाले आणि त्यांच्या जागी मुखवटे व शोभेच्या वस्तूंची दुकाने आली. मासळी बाजारातील गाळेही कमी झाले आहेत.

त्याचा बाकारोवर काय परिणाम होतो?

‘बाकारो’ अशा पाट्या शहरात कमी झालेल्या नाहीत, उलट नव्या लागत आहेत. प्रश्न पाट्यांचा नाही, गिऱ्हाइकांचा आहे. दोन युरोंत पेला आणि घासभर खाणे देण्याचा हिशेब रोज येणाऱ्या माणसावर बसतो. रोजच्या माणसाला शिळे चालत नाही आणि तो भाव वाढला की विचारतो. पर्यटक मात्र एकदाच येतो. त्याला ताजे-शिळे कळत नाही आणि तो परत येणार नसल्याने दुकानदारालाही त्याची भीती नसते. म्हणून जिथे शेजारी उरला नाही, तिथे कपाट तेच राहते, पण आत गोठवलेला माल येतो, भाव चढतात आणि काउंटरच्या जागी टेबले लागतात.

मुंबईला हे नवे नाही. गिरण्या सुरू होत्या तोवर गिरणगावात खाणावळी होत्या, कारण तिथे रोज जेवणारा कामगार होता. १९८२ च्या संपानंतर कामगार पांगला आणि खाणावळींचे कारणच संपले. पुढे त्याच भागात आलिशान उपाहारगृहे आली, पण ती दुसऱ्याच लोकांसाठी होती. खाण्याची जागा कृती आणि चवीवर चालते हे खरे. पण ती टिकते ती आसपास राहणाऱ्यांवर.

प्रशासनाने काय केले?

पालिकेने २०१७ मध्ये बांधून नेण्याचे खाणे विकणाऱ्या नव्या दुकानांवर बंदी आणली. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या क्रूझ जहाजांना ज्युदेक्का कालव्यातून जाण्यास मनाई झाली. २०२४ मध्ये मार्गदर्शकासोबतच्या गटांवर २५ जणांची मर्यादा घालण्यात आली. २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेत येणाऱ्या एका दिवसाच्या पर्यटकांना ५ युरो प्रवेश शुल्क लागू झाले. २०२५ मध्ये हे दिवस २९ वरून ५४ झाले आणि आयत्या वेळी पैसे भरणाऱ्यांसाठी शुल्क १० युरो करण्यात आले. मुक्कामी पर्यटकांना यातून सूट आहे, कारण ते हॉटेलमार्फत वेगळा कर भरतात.

टीकाकारांचा आक्षेप असा की, पाच-दहा युरोंनी गर्दी थांबत नाही आणि तिकीट लावल्याने शहर संग्रहालयासारखे होते. मूळ प्रश्न घरांचा आहे आणि तिथे हात घातल्याशिवाय रहिवासी थांबणार नाहीत. गर्दी नियंत्रणात आली तरी रिकामी झालेली घरे त्यामुळे भरत नाहीत.

पर्यटकाच्या हाती काय आहे?

बाकारो शोधत फिरणारा पर्यटकही शेवटी गर्दीचाच भाग असतो. तरी काही गोष्टी त्याला करता येतात. शक्य असेल तर अर्ध्या दिवसाऐवजी एक रात्र राहावे, आणि तेही शक्यतो हॉटेलात. कुटुंबाने रिकामे केलेले घर भाड्याने घेऊ नये. बाकारोत चार-सहा जणांपेक्षा मोठा घोळका नेऊ नये. काउंटर अडवून फोटो काढण्यापेक्षा आधी मागणी द्यावी, खाऊन झाले की बाजूला व्हावे. कपाटातली ताटे दुपारपर्यंत रिकामी होत असतील आणि काउंटरवर इटालियन ऐकू येत असेल, तर ते दुकान चांगले समजावे. छायाचित्रांचा मेन्यू आणि दारात बोलावणारा माणूस दिसला, तर पुढची गल्ली गाठावी.