दारावरचे नाव

२०११ सालच्या शिरगणतीत २८ फेब्रुवारीची रात्र एका निराळ्या कामासाठी राखून ठेवली होती. त्या रात्री गणक घरोघर हिंडले नाहीत. रेल्वेचे फलाट, देवळांचे ओटे, पुलांखालच्या मोकळ्या जागा आणि बाजारपेठांतील दुकानांच्या पायऱ्या येथे जाऊन तेथे निजलेल्या माणसांची त्यांनी नोंद केली. साऱ्या भारतात ही संख्या सुमारे १७ लक्ष ७३ हजार भरली. शिरगणतीच्या भाषेत यांना 'बेघर' म्हणतात. बेघर माणसाचे केवळ छप्पर गेले, असा आपला समज असतो. परंतु छपराबरोबर इतरही पुष्कळ काही जाते. पत्ता नसल्यामुळे शिधापत्रिका मिळत नाही. पत्र आले तर ते देण्यास पोस्टमनला ठिकाण नसते. कामाला ठेवणारा मालक पहिला प्रश्न विचारतो तो 'राहतोस कोठे?' हाच. रात्री गाठोडे उशाशी घेऊन अर्धवट जागे राहावे लागते आणि अशी रात्र काढलेला मनुष्य सकाळी कामावर तरतरीत दिसणार तरी कसा?

अशा माणसाला पुन्हा उभे कसे करावे, या प्रश्नाचे बहुतेक देशांतील जुने उत्तर म्हणजे अन्नछत्र आणि रात्रनिवारा. त्यापुढचे उत्तर शिडीसारखे होते. प्रथम त्याने निवाऱ्याचे नियम पाळावेत, मग व्यसन सोडावे, मग काम मिळवावे, आणि एवढे सारे साधले म्हणजे शेवटच्या पायरीवर त्याला घर द्यावे. हे उत्तर वरवर न्याय्य वाटते. परंतु ही शिडी उलटी लावलेली आहे, असे एका लहानशा देशाने ठरविले आणि ती सुलटी करून पाहिली. तो देश म्हणजे युरोपच्या उत्तरेकडील फिनलंड. तेथील लोकसंख्या जेमतेम ५६ लक्ष आहे. हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंतही उतरतो. अशा हवेत उघड्यावर काढलेली एक रात्र प्राणावर बेतू शकते.

फिनलंडला बेघरपणाची ओळख युद्धाने करून दिली. १९४४ मध्ये रशियाशी चाललेले युद्ध थांबले तेव्हा करेलिया हा मोठा प्रांत त्याला गमवावा लागला आणि चार लक्षांहून अधिक माणसे घरदार सोडून उरलेल्या देशात आली. म्हणजे दर नऊ माणसांमागे जवळजवळ एक मनुष्य निर्वासित. १९४५ च्या कायद्याने सरकार, चर्च, कंपन्या आणि मोठे जमीनदार यांच्या जमिनींतून या लोकांना व युद्धावरून परतलेल्या सैनिकांना तुकडे तोडून दिले गेले. त्यांवर सरकारी नकाशाबरहुकूम लाकडी घरे उभी राहू लागली. पुष्कळांनी ती स्वतः बांधली, आणि शेजारीपाजारी मदतीला आले. तिकडे या रीतीला 'तालकोत' म्हणतात. ज्याचे काम असेल त्याच्याकडे साऱ्यांनी जावे, मजुरी घेऊ नये आणि काम संपल्यावर त्याने सर्वांना जेवू घालावे, असा तिचा शिरस्ता आहे. आपल्याकडील खेड्यांत जिला इर्जिक म्हणतात तिचीच ही सख्खी बहीण म्हणावी!

परंतु या व्यवस्थेत एक वर्ग मागे राहिला. ज्यांना बायकामुले नव्हती, युद्धाने वा दारूने ज्यांचे आयुष्य विस्कटून गेले होते, असे एकटे पुरुष शहरांतच भटकत राहिले. हेलसिंकीत बाँबहल्ल्यापासून बचावासाठी खोदलेल्या तळघरांत अशी माणसे युद्धानंतरही राहत होती. १९६७ मध्ये रंगाच्या एका जुन्या कोठारात त्यांच्यासाठी मोठा रात्रनिवारा उघडावा लागला. त्याच वर्षी डॉ. इल्का तायपाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नोव्हेंबर चळवळ' सुरू केली. समाजाने ज्यांच्याकडे पाठ फिरविली आहे त्यांची बाजू चव्हाट्यावर मांडणे हे तिचे काम होते. चळवळ थोड्याच वर्षांत विरली; डॉ. तायपाले मात्र हा प्रश्न उराशी बाळगून राहिले. ते पुढे आपल्याला पुन्हा भेटतील.

१९८५ मध्ये काही शहरे, चर्च, रेडक्रॉस आणि इतर संस्था यांनी मिळून 'वाय फाउंडेशन' नावाची संस्था काढली. तिने बेघरांसाठी वेगळी वसाहत बांधण्याच्या भानगडीत न पडता साध्या इमारतींतून, एक येथे एक तेथे, अशी सुटी बिऱ्हाडे विकत घेतली व ती भाड्याने दिली. बेघर मनुष्य चारचौघांचा शेजारी व्हावा, हा तीमागील हेतू. (या खरेदीसाठी लागणाऱ्या पैशाचा मोठा वाटा जुगाराच्या यंत्रांच्या उत्पन्नातून येई, ही गंमत नोंदवून ठेवण्यासारखी आहे.) १९८७ मध्ये देशात सुमारे १८ हजार बेघर होते, २००८ पर्यंत तो आकडा आठ हजारांच्या घरात आला. तरीही वर्षानुवर्षे रस्त्यावर राहिलेली, आजारी आणि व्यसनाधीन माणसे काही हलेनात. शिडीची पहिलीच पायरी त्यांना चढता येत नव्हती. फलाटावर निजणाऱ्याने दारू सोडावी कशी? औषधे ठेवावीत कोठे?

२००७ मध्ये चार जाणत्यांच्या समितीने यावर अहवाल दिला. तीत हेलसिंकीचे बिशप होते आणि आपले डॉ. तायपालेही होते. अहवालाचे शीर्षक होते 'दारावर नाव'. माणसाला प्रथम दारावर त्याचे नाव असलेले घर द्या. मग व्यसन, आजार, कर्ज, बेकारी यांचा विचार त्या घरात बसून करा, हे त्याचे सार. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी १९९२ मध्ये असाच एक प्रयोग सुरू झालेला होता. फिनलंडचे वैशिष्ट्य हे की, २००८ पासून त्याने हे साऱ्या देशाचे धोरण केले.

या धोरणाचा अर्थ हेलसिंकीतील आल्पिकातू या रस्त्यावरील एका इमारतीत स्पष्ट दिसतो. येथे मुक्तिफौजेचा फार जुना रात्रनिवारा होता. त्यात २५० खाटा होत्या. संध्याकाळी यावे, एका दालनात अनेकांनी निजावे, सकाळी निघून जावे. ही इमारत आतून पूर्णपणे बदलण्यात आली आणि २०१२ मध्ये तेथे ८१ स्वतंत्र बिऱ्हाडे तयार झाली. प्रत्येकाला स्वतःचे दार, स्वतःची किल्ली, स्वयंपाकाची जागा आणि न्हाणीघर. २५० च्या जागी ८१, म्हणजे सोय कमी झाली की काय, अशी शंका हिशेबी वाचकाला येईल. परंतु खाटेवर निजणारा मनुष्य दुसऱ्या दिवशी पुन्हा बेघरच असतो. बिऱ्हाडात राहणारा तसा नसतो.

हे घर फुकट मिळत नाही. राहणारा रीतसर भाडेकरार करतो व भाडे भरतो. उत्पन्न अपुरे असेल तर इतर कोणाही गरीब नागरिकाप्रमाणे त्याला सरकारी भाडेमदत मिळते. इमारतीत मदतनीस असतात. ते अर्ज भरून देतात, दवाखान्यात सोबत जातात, पैशाचा मेळ घालावयास शिकवितात. आणि त्याने दारू सोडली नाही तर? तरीही घर जात नाही. पुष्कळांना ही गोष्ट खटकते आणि ते स्वाभाविक आहे. परंतु घर गेल्यावर व्यसन सुटल्याची उदाहरणे विरळा, व्यसन बळावल्याची मात्र पैशाला पासरी, हे ध्यानात घेतले पाहिजे.

खरी अडचण शेजाऱ्यांची होती. अशी इमारत आपल्या गल्लीत नको, अशी ओरड अनेक ठिकाणी झाली. त्यावर योजलेला उपाय मला फार आवडतो. संस्थेचे लोक आणि बिऱ्हाडकरू मिळून आसपासचे रस्ते व बागा झाडतात, कचरा उचलतात, शेजाऱ्यांची तक्रार असल्यास ती ऐकून घेतात. या कामाबद्दल बिऱ्हाडकरूंना थोडा मोबदलाही मिळतो. कालपर्यंत ज्याला पाहून लोक वाट बदलत, तोच सकाळी झाडू घेऊन त्यांच्या दारापुढे भेटतो. नमस्कार होतो, चार शब्द बोलले जातात. एकट्या खोलीत माणसाला जे खाऊन टाकते ते एकटेपण चार भिंतींनी जात नाही, यासाठी माणसेच लागतात. ज्या घरांत ही सोबत नीट मिळाली नाही तेथे अडचणी आल्याही.

आपल्याकडील परिस्थिती निराळी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागे एक, बारा महिने चोवीस तास उघडा असणारा निवारा हवा. परंतु आपले बेघर बहुधा एकटे नसतात. मुलाबाळांसह राबणारी कुटुंबेच्या कुटुंबे रस्त्यावर राहतात, आणि दिवसभर काम करूनही भाडे देण्याइतके त्यांच्या हाती उरत नाही. आल्पिकातूची योजना त्यांच्यासाठी जशीच्या तशी उचलता येणार नाही. मात्र पत्त्यावाचून त्यांचे पाऊल पुढे पडत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे.

फिनलंडमध्ये २०२३ अखेर बेघरांची संख्या ३,४२९ होती, आणि तीत मित्रांकडे व नातलगांकडे तात्पुरते राहणारेही धरलेले होते. हेलसिंकीत १९८५ मध्ये निवाऱ्यांतून दोन हजारांहून अधिक खाटा होत्या. २०१६ मध्ये त्या ५२ उरल्या. तथापि २०२४ मध्ये, कित्येक वर्षांच्या उतरणीनंतर, बेघरांचा आकडा वाढून ३,८०६ झाला. भाडेमदतीत व इतर साहाय्यात झालेली कपात हे त्याचे एक मोठे कारण असल्याचे तेथील संस्था सांगतात. त्याच सरकारने दीर्घकाळचे बेघरपण २०२७ पर्यंत संपविण्याचे ठरविले आहे.