होम थिएटरचे स्पीकर : खिसा सांभाळून आवाज कसा सुधारावा?

घरात लग्नकार्य निघाले किंवा ईद जवळ आली की जुन्या वस्तू काढून नव्या आणण्याची टूम निघते. होम थिएटरचाही त्यात नंबर लागतो. टी.व्ही. मोठा आला, पण संवाद कळत नाहीत आणि गोळीबार मात्र भिंती हलवतो, ही तक्रार पुष्कळ घरांत आहे. दुकानदार लगेच नवा संच दाखवतो आणि हप्त्यांची सोय सांगतो. आम्ही कापडाचे व्यापारी, इंजिनिअर नव्हे. तरी माल पारखून घ्यावा आणि पैसा क्रमाने खर्चावा, हा नियम सर्व धंद्यांत एकच आहे.

आधी बिनखर्चाचे काम

५.१ च्या संचात पाच स्पीकर व एक सबवूफर असतो. चित्रपटातील संवाद मुख्यतः मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. तो कपाटाच्या आत ढकललेला असेल तर पुढच्या कडेपर्यंत ओढावा, तोंड बसणाऱ्याच्या कानाकडे करावे आणि सेटिंगमध्ये त्याचा आवाज दोन-तीन डेसिबलने वाढवावा. पुढचे दोन स्पीकर आणि बसणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा. ट्वीटर कानाच्या उंचीला असावा. कोपऱ्यात कोंबलेला स्पीकर घुमतो. त्याला भिंतीपासून थोडा मोकळा ठेवावा. सबवूफरची जागा शोधायची तर तो बसायच्या जागी ठेवून चालू करावा आणि आपण खोलीत वाकून फिरावे. जिथे खर्ज स्वच्छ व सारखा ऐकू येईल, ती त्याची जागा.

कापडाचा उपयोग

फरशी, काच आणि कोऱ्या भिंती यांवरून आवाज परत फिरतो व संवाद अस्पष्ट होतात. इथे आमच्या धंद्यातील माल कामास येतो. पातळ पडद्याचा फारसा उपयोग नाही. मखमलीसारखे जड कापड घ्यावे आणि भरपूर चुण्या ठेवाव्यात. पाच फूट रुंदीसाठी दहा फूट कापड धरावे. पडदा भिंतीला चिकटून न लावता चार-सहा इंच पुढे लावला तर गुण अधिक येतो. समोर फरशीवर सतरंजी किंवा गालिचा असावा. मात्र पडद्याने आवाज शेजारी जायचा थांबतो, हा गैरसमज आहे. खर्जाचा आवाज भिंतीतून जातोच. चाळीत किंवा मोहल्ल्यात शेजाऱ्याचा हक्क सांभाळायचा तर बटणावर हात ठेवणे हाच उपाय.

स्पीकरच्या तोंडावरील कापड फाटले असेल तर शिवणकामातील उरलेला कोणताही तुकडा लावू नये. कापड तोंडाशी धरून फुंकर मारावी. फुंकर सहज पार झाली तर आवाजही जाईल. घट्ट विणीचे कापड बारीक स्वर खाऊन टाकते.

दुरुस्ती की नवा?

जुन्या स्पीकरच्या कोनाभोवतीचा फोम दमट हवेत वर्षांगणिक कुजतो आणि आवाज फाटू लागतो. असा स्पीकर भंगारात देण्याची घाई नको. दोन्ही हातांच्या बोटांनी कोन हलकेच, सारखा दाब देऊन आत ढकलावा. घासल्याचा आवाज आला नाही तर कॉइल बहुधा शाबूत आहे आणि फक्त कडा बदलून काम भागते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि इतर शहरांच्या इलेक्ट्रिक बाजारांत हे काम करणारे कारागीर आहेत. खोके फुगले असेल तर आपल्या सुताराकडून जाड प्लायवूडचे करून घ्यावे. आतील जागा मूळ खोक्याइतकीच ठेवावी आणि सांधे हवाबंद असावेत. दुरुस्तीचा पैसा कारागिराच्या घरात जातो, हा फायदा वेगळाच.

घ्यायचेच तर

पाचही एकदम बदलू नयेत. आधी पुढची जोडी घ्यावी, मग जमेल तेव्हा त्याच मालिकेतील सेंटर. मागचे जुने स्पीकर अजून पुष्कळ दिवस चालतील. डब्यावरील पी.एम.पी.ओ.च्या हजारो वॉटना भुलू नये; आर.एम.एस.चा आकडा पाहावा. वॉट दुप्पट केल्याने आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो; कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॉट लागतात. म्हणून स्पीकरची सेन्सिटिव्हिटी विचारावी. ८६ ऐवजी ८९ डेसिबलचा स्पीकर घेतला तर तोच अॅम्प्लिफायर दुप्पट ताकदीचा असल्यासारखा चालतो. ओहमचा आकडा अॅम्प्लिफायरला चालणारा हवा. तारेवर उधळपट्टी नको; ८ ओहमच्या स्पीकरला दहा मीटरपर्यंत १.५ चौरस मि.मी.ची साधी तांब्याची तार पुरते.

हप्त्याचे गणित

आता मुद्द्याची गोष्ट. 'बिनव्याजी हप्ता' हा शब्द ऐकून आपले दीनदार बंधूही निश्चिंत होतात. पण रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट कळवले की शून्य टक्के व्याज अशी वस्तूच नसते. व्याज प्रक्रिया शुल्काच्या आड लपवून ग्राहकाकडून घेतले जाते. क्रेडिट कार्डावरील पुष्कळ योजनांत बँक व्याज लावतेच आणि तेवढी रक्कम किमतीत सूट म्हणून दाखवली जाते. त्या व्याजावर १८ टक्के जी.एस.टी. पडतो तो निराळा. म्हणजे मालात सूट देण्याजोगी जागा होती. ती रोखीने घेणाऱ्याने हक्काने मागावी.

ज्याच्या हाती पंधरा हजार आहेत त्याने पन्नास हजारांचा संच व्याजावर आणण्यापेक्षा यंदा पडदा व दुरुस्ती करावी, पुढील वर्षी जोडी घ्यावी. दुकानाचे भांडवल करमणुकीत अडकले तर हंगामात माल भरायला पुन्हा सावकाराचे दार ठोठवावे लागते. इसराफ टाळून, हलाल कमाईतून थोडे-थोडे जमवलेल्या वस्तूतच बरकत असते.