शेतांतून जाणारी विजेची वाहिनी व शेतकऱ्याचा हक्क

भाताची कापणी उरकून बांध्यांत लाखोरी वर येऊं लागावी, आणि अशांत एके सकाळीं कांहीं अनोळखी मंडळी मोजणीची दुर्बीण व खुंट्या घेऊन धुऱ्यावर उभी दिसावी, असा प्रसंग भंडारा जिल्ह्यांतील पुष्कळ शेतकऱ्यांवर आला आहे व पुढेंही येणार आहे. १ मे १९९९ रोजीं आपल्या जिल्ह्यांतून निघून गोंदिया जिल्ह्यांत गेलेल्या तिरोडा तालुक्यांत ३,३०० मेगावॉटचें औष्णिक विद्युत्केंद्र उभें आहे. तेथील वीज कोराडी, अकोला, औरंगाबाद अशी पश्चिमेकडे ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीनें नेली जाते, आणि आपला जिल्हा त्या वाटेवरच पडतो. म्हणून या विषयांतील कायदा काय आहे, हें प्रत्येक जमीनधारकानें जाणून घेणें अगत्याचें आहे.

याविषयीं खेड्यांत दोन समजुती प्रचलित आहेत. एक अशी कीं, जमीन माझी, माझ्या सहीवांचून तींत कोणी पाऊल टाकूं शकत नाहीं. दुसरी अशी कीं, काम सरकारी, तेव्हां देतील तें घेऊन गप्प बसावें. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि दोहोंपासून नुकसान शेतकऱ्याचेंच होतें.

मूळ कायदा १८८५ सालचा, तारायंत्राचा आहे. तारायंत्राचे खांब रोवण्यासाठीं जे अधिकार त्या कायद्यानें दिले, तेच अधिकार २००३ च्या विद्युत् अधिनियमाच्या कलम १६४ अन्वयें शासन आदेश काढून वीज वाहून नेणाऱ्या संस्थेस देऊं शकतें. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमानें तारायंत्राचा कायदा रद्द ठरविला; तथापि विजेच्या वाहिन्यांपुरता त्याचा तिसरा भाग राखून ठेविला आहे. असा आदेश ज्या संस्थेच्या हातीं आहे, तिला मालकाची पूर्वसंमती घेण्याची आवश्यकता नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं दिला आहे. ज्या संस्थेस हा अधिकार दिलेला नाहीं, तिला मात्र कलम ६७ खालील नियमांप्रमाणें मालकाची संमती घ्यावी लागते, आणि मालकानें हरकत घेतल्यास जिल्हादंडाधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळवावी लागते. तेव्हां मोजणीदार आले म्हणजे त्यांच्याशीं हुज्जत घालण्यापूर्वी एकच गोष्ट मागावी : कलम १६४ खालील आदेशाची प्रत.

आतां दुसऱ्या समजुतीकडे वळूं. गोसीखुर्द धरणाच्या बुडितांत किंवा कालव्याखालीं जी जमीन गेली, ती संपादन होऊन शासनाची झाली. मनोऱ्याची गोष्ट तशी नाहीं. १८८५ च्या कायद्याचें कलम १० स्पष्ट सांगतें कीं, संस्थेस जमिनीचा केवळ वापर करण्याचा हक्क मिळतो, मालकी मिळत नाहीं. काम करितांना होईल तितकें कमी नुकसान करावयाचें. आणि झालेल्या नुकसानीची पुरी भरपाई सर्व हितसंबंधी माणसांस द्यावयाची. सातबाऱ्यावर नांव तुमचेंच राहतें. तारेखालीं भात, लाखोरी, हरभरा घेतां येतो. घर बांधतां येत नाहीं व उंच झाडें वाढवितां येत नाहींत.

भरपाईचे तीन भाग वेगवेगळे ओळखावे. पहिला भाग उभ्या पिकाचा व झाडांचा. काम तीन वेळां होतें : पाया खोदतांना, मनोरा उभारतांना व तार ओढतांना. प्रत्येक वेळीं निराळें नुकसान होतें, म्हणून प्रत्येक वेळीं निराळा पंचनामा झाला पाहिजे. धानाच्या जमिनींत आणखी एक हानि होते. अवजड गाड्यांनीं धुरे फुटतात, पायाची खडकाळ माती बांधींत पसरते, आणि पुढील रोवणीस पाणी ठरत नाहीं. ही हानि पिकाच्या पंचनाम्यांत आपोआप येत नाहीं. ती निराळी लिहवून घ्यावी. झाडांविषयीं नियम असा कीं, वाहिनी येण्यापूर्वीचें झाड तोडल्यास भरपाई मिळते, मागाहून लाविलेल्याची मिळत नाहीं. यास्तव बांधावरील आंबा, मोह यांची मोजदाद काम सुरू होण्याआधींच करून ठेवावी.

दुसरा भाग मनोऱ्याखालील जागेचा, व तिसरा तारेखालील पट्ट्याचा. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या १४ जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें मनोऱ्याच्या चार पायांमधील जागा व भोंवतालचा एकेक मीटर धरून जमिनीच्या किंमतीच्या २०० टक्के, आणि पट्ट्यासाठीं ३० टक्के रक्कम सुचविली आहे. २०१५ च्या सूचनांत हेंच प्रमाण ८५ व १५ टक्के होतें. या सूचना राज्य शासन आपल्या निर्णयानें अमलांत आणीत असतें. म्हणून आपल्या वाहिनीस कोणता शासन निर्णय लागू आहे, हें उपविभागीय कचेरींत लेखी विचारावें. पट्ट्याची रुंदी साधारणतः १३२ किलोव्होल्टला २७ मीटर, २२० ला ३५ व ४०० ला ४६ मीटर धरतात.

एक कल्पित हिशेब करून पाहूं. जमिनीची किंमत हेक्टरीं १२ लक्ष रुपये आहे. ४०० किलोव्होल्टची वाहिनी शेतांतून १०० मीटर जाते, व मनोऱ्यानें १५ मीटर लांब, १५ मीटर रुंद जागा व्यापिली आहे. मनोऱ्याखालील २२५ चौरस मीटरची किंमत २७,००० रुपये. तिचे २०० टक्के म्हणजे ५४,००० रुपये. पट्टा ४,६०० चौरस मीटरचा. त्यांतून मनोऱ्याची जागा वजा जातां ४,३७५ उरले. त्यांची किंमत ५,२५,००० रुपये. तिचे ३० टक्के म्हणजे १,५७,५०० रुपये. एकूण २,११,५०० रुपये. शेतकऱ्याची नजर मनोऱ्यावर असते, पण मोठी रक्कम तारेखालीं आहे, हें या हिशेबावरून दिसून येईल. ज्याच्या शेतांत मनोरा नाहीं, केवळ तार गेली आहे, त्यानेंही आपला हक्क सोडूं नये.

रक्कम अपुरी वाटल्यास दाद कोठें मागावी? कामास अडथळा झाला तर जिल्हादंडाधिकारी कलम १६ अन्वयें काम करूं देण्याचा हुकूम देऊं शकतो. म्हणून अडवणुकीनें फारसें साधत नाहीं. भरपाईच्या पुरेपणाचा तंटा मात्र त्याच कलमान्वयें जिल्हा न्यायाधीशाकडे अर्ज करून चालवितां येतो. भरपाई कोणास किती द्यावी, असा भाऊबंदांतील वादही तेथेंच चालतो. २००७ सालीं केरळांतील एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें आहे कीं, भरपाई ठरवितांना जमीन कोठें आहे, तार तिच्या कडेनें जाते कीं मध्यांतून, व त्यामुळें जमिनीचा उपयोग किती उणा झाला, हें पाहिलें पाहिजे. बांधीच्या मधोमध उभा राहिलेला मनोरा आणि धुऱ्याजवळचा मनोरा यांस एकच माप लावूं नये, असें मागण्यास हा आधार पुरेसा आहे. पुढें घर बांधण्यासारख्या कारणासाठीं वाहिनी हलवावयाची झाल्यास कलम १७ प्रमाणें तशी मागणी करितां येते. पूर्वी भरपाई घेतली असल्यास हलविण्याचा खर्च किंवा घेतलेल्या भरपाईची निम्मी रक्कम, यांपैकीं जी कमी असेल ती भरावी लागते. ही तरतूद फार थोड्यांस ठाऊक आहे.

शेवटीं व्यवहाराच्या चार गोष्टी. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करूं नये. मनोऱ्याची जागा धुऱ्याकडे सरकविण्याची विनंति खुंट्या रोवल्या जातांच लेखी करावी. पाया भरल्यावर ती व्यर्थ आहे. पंचनाम्याची प्रत, दिनांक व सह्यांसह, त्याच दिवशीं मागावी. रक्कम कमी वाटली तर ती घेतांना ‘हरकत राखून स्वीकारली’ असें पावतीवर लिहावें. वारसांचीं नांवें सातबाऱ्यावर चढलेलीं नसतील तर तें काम आधीं उरकावें, नाहींपेक्षां भरपाई वादांत अडकून पडते.

वीज सर्वांस पाहिजे, आणि ती कोणाच्या तरी शेतांवरूनच जाणार. परंतु जिच्यावर कुटुंबाचें वर्षाचें धान पिकतें, त्या बांधीचा उपयोग उणा झाला तर त्याचें मोल मिळणें हा उपकार नव्हे, कायद्यानें दिलेला हक्क आहे. एकाच वाहिनीखालीं येणाऱ्या सर्व खातेदारांनीं एकत्र बसून एकाच मागणीचा अर्ज दिला, तर तो हक्क पदरांत पडण्यास पुष्कळ सोपें जाईल.