गल्ल्यावर बसलेल्या मुलीचे गाणे

11 जून 1988. नेल्सन मंडेला यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर भव्य संगीतसमारोह चालू होता. मंडेला तेव्हा दक्षिण आफ्रिकेत कारावासात होते. विख्यात गायक स्टीव्ही वंडर यांच्या वाद्यसंचातील एक अत्यावश्यक भाग ऐनवेळी सापडेना. तो रिकामा वेळ भरून काढण्यासाठी, आधीच गाऊन गेलेल्या एका चोवीस वर्षांच्या गायिकेला पुन्हा मंचावर पाठविण्यात आले. सोबत वादकवृंद नव्हता. हाती केवळ एक गिटार होती. त्यांनी ‘फास्ट कार’ हे गीत गायिले आणि ट्रेसी चॅपमन हे नाव अनेक देशांत पोहोचले.

अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरी 1964 मध्ये जन्मलेल्या या कृष्णवर्णीय गायिकेला आईने एकटीने वाढविले. शिष्यवृत्तीच्या आधारे त्या शिकल्या, टफ्ट्स विद्यापीठात मानववंशशास्त्राचा अभ्यास केला आणि विद्यार्थिदशेतच बॉस्टनजवळच्या हार्वर्ड चौकात रस्त्यावर उभ्या राहून गाऊ लागल्या. ‘ट्रेसी चॅपमन’ याच नावाचा त्यांचा पहिला गीतसंग्रह एप्रिल 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. लोकगीताचे साधे कथन आणि रॉक संगीताचा ठेका यांचा मेळ घालणारी ही अकरा गीते त्यांनी स्वतःच रचली होती. त्याच वर्षी हा संग्रह अमेरिकेत विक्रीच्या अग्रस्थानी पोहोचला आणि पुढील वर्षी त्यांना तीन ग्रॅमी पुरस्कार लाभले.

आपल्या व्यापारी कुटुंबांनी या गीतांकडे का वळावे? ‘फास्ट कार’ची नायिका एका दुकानात गल्ल्यावर बसते. दुकान तिचे नाही. ती पगारी नोकर आहे. वडील मद्याच्या आहारी गेलेले, आई घर सोडून गेलेली, म्हणून मुलीने शाळा सोडली. थोडे पैसे साठवून ती सोबत्याबरोबर गाडीतून दुसऱ्या शहरी जाऊ पाहते. पुढे तिची नोकरी टिकते, संसारही उभा राहतो. परंतु सोबत्याची पावले मद्यालयाकडे वळतात. वडिलांच्या घरातून निसटलेले दुःख तिच्या घरात पुन्हा शिरते. मद्याला आपल्या आचार्यांनी सप्त व्यसनांत का गणले, याचे उत्तर या गीतात कोणत्याही उपदेशाविना मिळते.

‘माउंटन्स ओ’ थिंग्ज’ या गीताचा अर्थच वस्तूंचे डोंगर असा आहे. श्रीमंतीची स्वप्ने रंगविणारी यातील व्यक्ती वस्तूंच्या राशीत सुख शोधते आणि त्या राशीतच एकाकी होते. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येने नव्हे, तर मूर्च्छेने, म्हणजे आसक्तीने केली आहे. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याच्या मनातही ही मूर्च्छा वसू शकते, हे चॅपमन यांनी अचूक टिपले आहे. मग ज्याची कोठारे भरलेली आहेत, त्या श्रावकाने परिग्रह-परिमाणाचे व्रत किती जागरूकतेने पाळले पाहिजे!

‘बिहाइंड द वॉल’ या गीताला वाद्यांची साथच नाही. रात्री भिंतीपलीकडून एका स्त्रीचा आक्रोश ऐकू येतो. पोलीस आले तरी उशिरा येतात आणि काही न करता परततात. हिंसा करणे, करविणे आणि तिला अनुमोदन देणे, हे तिन्ही आपण दोष मानतो. तर शेजारच्या घरातील, किंवा आपल्याच आप्तांच्या घरातील मारहाण कानी पडूनही ‘तो त्यांचा घरचा प्रश्न’ म्हणून स्वस्थ बसणे, हे अनुमोदन नव्हे काय? मुंगीलाही जपणाऱ्या आपल्या समाजाने हा प्रश्न स्वतःला विचारावयास हवा.

‘बेबी कॅन आय होल्ड यू’मध्ये वर्षे लोटली तरी क्षमेचा एक शब्द ओठांवर येत नाही, अशी खंत आहे. संवत्सरीला आपण शेकडो परिचितांना ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतो. परंतु ज्या भावाशी दुकानाच्या वाटणीवरून अबोला आहे, ज्या सुनेचे मन आपण दुखविले आहे, तिथे तो शब्द पोहोचतो का?

सप्टेंबर 1988 च्या अखेरीस मानवाधिकारांसाठी निघालेल्या जागतिक संगीतयात्रेबरोबर चॅपमन नवी दिल्लीलाही आल्या होत्या. पुढे 2023 मध्ये ल्यूक कॉम्ब्स यांनी ‘फास्ट कार’ नव्याने गायिले आणि नवी पिढी त्या गीताकडे वळली. पस्तीस वर्षांपूर्वीच्या त्या रचनेसाठी कंट्री संगीताच्या क्षेत्रातील वर्षातील सर्वोत्तम गीताचा सन्मान चॅपमन यांना मिळाला.

आपली मुले कानाला यंत्र लावून काय ऐकतात, अशी तक्रार घरोघरी असते. एखाद्या संध्याकाळी त्यांच्यासह ही गीते ऐकावीत. अर्थ त्यांनाच विचारावा. आणि दुसऱ्या दिवशी पेढीवर गेल्यावर गल्ल्यावर किंवा काउंटरमागे उभ्या असलेल्या मुलीकडे एकदा लक्ष द्यावे. तिचे शिक्षण कुठे थांबले, घरी कोण आजारी आहे, पगार वेळेवर पोहोचतो का, याची आपुलकीने विचारपूस करावी. व्रताचे मोजमाप केवळ आपल्या तिजोरीपाशी होत नाही; आपल्याकडे राबणाऱ्यांच्या घरापाशीही होते.