सल्ल्याचा अंमल

औषध नियंत्रकाने परवाना दिला म्हणजे लस बाजारात येऊ शकते. परंतु तीच लस देशातील प्रत्येक बालकाला सरकारी खर्चाने, अमुक वयात टोचावी की नाही, हा प्रश्न निराळा असून त्याची मसलत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २००१ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय लसीकरण तांत्रिक सल्लागार गटात चालते. या गटाचे अध्यक्ष खुद्द आरोग्य सचिव. म्हणजे सल्ला देणारा आणि घेणारा बव्हंशी एकच, हा योग मला किंचित विनोदी वाटतो. २०१३ मध्ये पुराव्याची छाननी स्वतंत्र तज्ज्ञांच्या स्थायी उपसमितीकडे सोपविली गेली, हे त्या दृष्टीने उचितच झाले.

छाननीत केवळ लशीचे गुण पाहून भागत नाही. पोलिओच्या तोंडी लशीतून दुसऱ्या प्रकारचा विषाणू २५ एप्रिल २०१६ रोजी वगळावयाचा ठरला, तेव्हा त्या प्रकारापासून संरक्षण देण्यास टोचण्याची लस अपरिहार्य झाली, आणि नेमका तिचाच जगभर तुटवडा पडला. अशा वेळी तज्ज्ञांनी जी तजवीज सुचविली तिचे मला आजही कौतुक वाटते: स्नायूत अर्ध्या मिलिलिटरची एक पूर्ण मात्रा देण्याऐवजी सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात त्वचेच्या थरात केवळ ०.१ मिलिलिटर द्यावे. लस निम्म्याहून कमी लागते, आणि अशा दोन अंशमात्रांनी येणारी प्रतिकारशक्ती एका पूर्ण मात्रेहून सरस ठरते, असे चाचण्यांत दिसून आले होते. सुई त्वचेला जवळजवळ समांतर धरून, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत फुगवटा उमटेपर्यंत औषध सोडणे हे नाजूक काम खरे. पण बीसीजी टोचून टोचून परिचारिकांचा हात त्यावर आधीच बसलेला होता, आणि सिरिंजही तीच चालणारी होती. महाराष्ट्रासह काही राज्यांत २०१६ मध्येच अंमलबजावणी सुरू झाली.

अर्थात शिफारस म्हणजे हुकूम नव्हे. पंचगुणी लशीची शिफारस २००८ मधली. ती केरळ व तमिळनाडूत प्रथम पोहोचली डिसेंबर २०११ मध्ये. मधल्या काळात खर्च, पुरवठा आणि वादविवाद यांची दप्तरे फिरत राहिली.

पोलिओच्या अंशमात्रेचा विषयही तेथेच मिटला नाही. जानेवारी २०२३ पासून वेळापत्रकात तिसरी मात्रा आली. ती नवव्या महिन्यात डाव्या दंडात देतात, कारण गोवर-रुबेलाची लस त्याच भेटीत उजव्या दंडात टोचलेली असते.