ब्राउझरचा नकार
(घरचा संगणक : लेखांक ९)

मागच्या आठवड्यात घरातल्या वायफायचा वेग कसा तपासायचा ते पाहिलं. वेग चांगला आहे, पान उघडतंय, पण गाणं काही वाजत नाही, अशा वेळी काय करायचं, हा आजचा विषय. इथे पहिला सल्ला हमखास मिळतो तो हिस्टरी आणि कॅश सगळं साफ करून टाकण्याचा. माझ्या मते तो अगदी शेवटचा उपाय आहे. बहुतेक वेळा ब्राउझर बिघडलेला नसतोच. त्याने काहीतरी करायला नकार दिलेला असतो, आणि तोही बहुधा आपल्या भल्यासाठी. काय नाकारलंय ते कळलं की दुरुस्ती चुटकीसरशी होते.

आधी दुसऱ्या टॅबमध्ये कुठलाही व्हिडिओ लावून पाहा. तिथेही शांतता असेल तर दोष गाण्याच्या पानाचा नाही. अनेकदा आवाज आतल्या खोलीत चालू राहिलेल्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये जात असतो. टॅबवर काट मारलेला स्पीकर दिसत असेल, तर तिथे राइट क्लिक करून साइट अनम्यूट करा.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो आपोआप वाजण्यावरून. पान उघडताच जाहिराती ओरडू लागायच्या, म्हणून सफारीने २०१७ मध्ये, क्रोमने एप्रिल २०१८ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१९ मध्ये नियम केला : ऐकणाऱ्याने पानावर काही दाबल्याशिवाय आवाज सुरू होणार नाही. क्रोम तर एखाद्या साइटवर तुम्ही कितपत ऐकता याचीही नोंद ठेवतो. म्हणूनच मुलीच्या लॅपटॉपवर जे गाणं लगेच सुरू होतं, ते तुमच्याकडे गप्प राहतं. अशा वेळी पॉज करून पुन्हा प्ले दाबा. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या डावीकडच्या खुणेवरून त्या साइटला ऑटोप्लेची कायमची परवानगीही देता येते.

जुन्या मराठी गाण्यांच्या हौशी संकेतस्थळांची अडचण वेगळी असते, आणि तिचं मला वाईट वाटतं, कारण ही पानं कुणीतरी प्रेमाने जमवलेली असतात. पान 'एचटीटीपीएस'वर असतं, पण गाण्याची फाइल जुन्या, असुरक्षित 'एचटीटीपी' पत्त्यावर राहिलेली असते. २०२० पासून क्रोम अशी फाइल सुरक्षित पत्त्यावर शोधतो आणि तिथे ती नसेल तर सोडून देतो. प्ले दाबूनही वेळ शून्यावरच अडकते. इथे तुमच्या हातात काही नाही, साइट चालवणाऱ्यांना जरूर कळवा. काही पानांवरचा प्लेअर फ्लॅशचा असतो. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून तो चालणंच बंद केलं. एखादं पान आजही 'फ्लॅश प्लेअर इन्स्टॉल करा' म्हणत असेल तर कृपा करून ते करू नका. त्या नावाखाली व्हायरस पसरवले जातात.

स्पॉटिफायसारख्या सेवांची गाणी कुलूपबंद येतात. ब्राउझरमध्ये 'प्रोटेक्टेड कंटेंट'ची किंवा डीआरएमची परवानगी बंद असेल तर कुलूप उघडत नाही.

थेट प्रसारणाचं तंत्र निराळं. पुणे आकाशवाणीने १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, गीतरामायण सुरू केलं, तेव्हा गाणं घरोघरी एकाच क्षणी पोचत होतं. आज आकाशवाणी ब्राउझरमध्ये लावली, तर शेजारचा रेडिओ काही सेकंद पुढे असतो. प्रसारणाचे काही सेकंदांचे तुकडे पाडून ते पाठवले जातात आणि प्लेअर आधी दोन-तीन तुकडे साठवून मग वाजवतो. तो बिघाड नव्हे. मात्र बराच वेळ पॉज ठेवून पुन्हा प्ले केलंत तर जुने तुकडे सर्व्हरवर उरलेले नसतात, तेव्हा पान नव्याने उघडा. शिवाय हे तुकडे जोडायचं काम बऱ्याच ठिकाणी पानातली स्क्रिप्ट करते. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन कधीकधी तिलाच अडवतं.

ते ओळखायची युक्ती सोपी आहे. तेच पान इनकॉग्निटो खिडकीत उघडा. तिथे एक्स्टेन्शनं सहसा बंद असतात आणि जुन्या कुकीज नसतात. गाणं वाजलं, तर दोष बहुधा या दोहोंपैकी कशाचा तरी. एक्स्टेन्शन सरसकट काढू नका, फक्त त्या साइटपुरतं थांबवा.

जुना डेस्कटॉप असेल तर घड्याळही पाहा. मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली की वीज जाऊन आल्यावर तारीख मागे जाते, आणि सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र ब्राउझरला खोटं वाटू लागतं.

एवढं करूनही जमलं नाही, तर कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकदम दाबून पान ताजं करा. त्यानंतर फक्त त्या साइटचा डेटा पुसा. बाकीच्या साइटचं लॉगिन त्याने जात नाही, त्या एका साइटचा पासवर्ड तेवढा आधी हाताशी ठेवा.