हरारेत सापडलेला शब्द

शोना भाषेत एक शब्द आहे: कुफुंगिसिसा. म्हणजे फार विचार करणं. झिम्बाब्वेत दवाखान्यात आलेली बाई डोकं दुखतं म्हणते, झोप नाही म्हणते आणि कशामुळे असं विचारलं की हा शब्द सांगते. आपल्याकडे ‘जिवाला घोर लागलाय’ म्हणतात, ते याच्या अगदी शेजारचं.

१९९३ साली मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल संशोधनाची फेलोशिप घेऊन हरारेला गेले. मुंबईत जन्म, मग ऑक्सफर्ड, लंडन. शिक्षणाचा असा सरळ चढता जिना. नैराश्य हे पाश्चात्त्यांचं खूळ, आफ्रिकेतल्या दुःखाला ते नाव चिकटवणं चूक, अशी काहीशी धारणा सोबत होती. तिथे ते वैदूंशी बोलले, परिचारिकांशी बोलले, रुग्ण कोणत्या शब्दांत त्रास सांगतात ते टिपलं. त्यातून शोना भाषेतलीच चौदा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. निघालं मात्र उलटंच. कुफुंगिसिसाने गांजलेल्या पुष्कळांची लक्षणं नैराश्य आणि चिंतेच्या आजारांशी जुळत होती. आजार तिथेही होता, फक्त त्याचं पुस्तकी नाव कुणाच्या तोंडी नव्हतं.

स्कॉलरशिप शिकायला पैसे देते, फेलोशिप वेळ देते. काही वर्षांचा पगार, प्रवास, संशोधनाचा खर्च आणि पाठीशी एक अनुभवी मार्गदर्शक. ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट अशा फेलोशिप देतो. अमेरिकेत १९६८ पासून फोगार्टी सेंटर हे काम करतं, पण बहुतेकदा संस्थांमार्फत. ओपीडीत रांग लागलेल्या डॉक्टरला ‘लोक आपलं दुखणं कसं सांगतात’ एवढंच शोधायला एरवी कोण मोकळं सोडणार?

खरी धास्ती वेगळीच असते: गेलेला माणूस परत येणार का?

पटेल आले, गोव्यात. १९९६ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत ‘संगत’ ही संस्था उभी केली. गोव्यातल्या एका अभ्यासात अंगावरून पांढरं जातं अशी तक्रार करणाऱ्या बायकांची तपासणी झाली. जंतुसंसर्गाइतकाच, किंबहुना त्याहून ठळक संबंध दिसला तो मनाच्या ताणाशी. औषधाच्या गोळीवर भागवलेल्या त्या तक्रारीआड घरचं बरंच काही दडलेलं होतं.

पुढे ‘मानस’ प्रकल्प आला. गोव्यातले चोवीस दवाखाने, निम्मे सरकारी, निम्मे खासगी. समुपदेशन करणाऱ्यांकडे वैद्यकीय पदवी नव्हती. त्यांना प्रशिक्षण देऊन हे काम शिकवलेलं. रुग्णाशी बोलताना ‘मानसिक आजार’ असं न म्हणता ‘टेन्शन’ म्हणायचं. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले होते; नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. तिथे रुग्ण ओळखीच्या डॉक्टरकडे जातो, डॉक्टर जरा निवांत बोलतो, हे त्याचं एक कारण असू शकेल.

तोवर हरारेतही गाडी पुढे सरकली होती. तिथले मनोविकारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये चौदा आज्यांना हाताशी धरलं. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली एक लाकडी बाक, त्यावर आजी आणि रुग्ण. डॉक्टरांनी ठेवलेलं ‘मानसिक आरोग्याचं बाक’ हे नाव ऐकून कुणी फिरकेना. आज्यांनीच ते बदलून ‘मैत्रीचं बाक’ केलं. आजी आधी प्रश्नावली घेते, मग ‘कुवुरा फुंग्वा’, म्हणजे मन मोकळं करणं, इथून सुरुवात. अडचणींची यादी होते, त्यातली एकच निवडायची, तिच्यावरच उपाय शोधायचा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांपैकी १३.७ टक्क्यांत नैराश्याची लक्षणं उरली होती, इतरांत ४९.९ टक्क्यांत.

चिबांडांनी पुढे आफ्रिकी संशोधकांसाठी ‘अमारी’ हा फेलोशिप कार्यक्रम चालवला. पैसा वेलकमचा, पण विद्यापीठं झिम्बाब्वे, मलावी, इथिओपिया, दक्षिण आफ्रिकेतली. पीएचडीसाठी लंडन गाठायची सक्ती नाही. गोव्यातही ‘संगत’चा दोन आठवड्यांचा मानसिक आरोग्य नेतृत्वाचा अभ्यासक्रम २००८ पासून भरू लागला, तिथे शिकायला देशोदेशीची माणसं येऊ लागली.

आणि बाक न्यूयॉर्कला पोहोचलं. रंग नारिंगी, आणि आज्यांच्या जागी व्यसनाशी वा मानसिक आजाराशी स्वतः झुंजलेली माणसं.